सहावी ते आठवी घरच्या घरी: क्लासिकल ख्रिस्ती शिक्षण कसं चालवायचं

आमची थोरली बारा वर्षांची असतानाची गोष्ट. रात्रीचं जेवण चाललं होतं आणि विषय नेहमीचाच, फोन कधी मिळणार. तिचे बाबा म्हणाले, "तुझ्या वयाचे असताना आमच्याकडे कुठे फोन होता? आमचं काही अडलं का?" तिने हातातला घास ताटात ठेवला. "बाबा, तेव्हा कुणाकडेच नव्हता. जी वस्तू मिळतच नव्हती ती घेतली नाही, यात तुमचा संयम कुठे आला?"

बाबा गप्प. मला आधी राग आला, मग हसू आलं. ताटं घासताना लक्षात आलं की दोन वर्षं जे काही हिच्याकडून पाठ करून घेतलं, त्याची पुढची इयत्ता आज स्वयंपाकघरात आपणहून सुरू झाली. मिडल स्कूलच्या तीन वर्षांचं सगळं सूत्र मला तरी तिथेच सापडलं. मूल वाद घालायला लागलं की त्याला गप्प करायचं नाही, नीट वाद घालायला शिकवायचं.

आम्ही टेक्सासमध्ये डॅलसजवळ राहतो, मूळचे नगरकडचे. दोन्ही मुलांची सहावी ते आठवी घरीच झाली. अमेरिकेतल्या ओळखीच्या मराठी घरांतून सतत विचारणा होते, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते.

'क्लासिकल' म्हणजे नेमकं काय

मध्ययुगीन युरोपात शिक्षणाचे दोन गट मानत. पहिल्या तीन विद्या म्हणजे व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व. हे झालं ट्रिव्हियम. पुढच्या चार म्हणजे अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोल, हे क्वाड्रिव्हियम. आजची चळवळ मुख्यतः पहिल्या तीनांवर उभी आहे. १९४७ साली डोरोथी सेयर्स या इंग्लिश लेखिकेने ऑक्सफर्डला एक भाषण दिलं. (बाई रहस्यकथांसाठी जास्त प्रसिद्ध.) या तीन विद्या मुलांच्या तीन वयांना लागू पडतात, अशी तिची मांडणी होती. लहानपणी मूल पोपटासारखं पाठ करतं, मधल्या वयात उलट उत्तरं देतं, पुढे त्याला स्वतःचं काही म्हणायचं असतं. पहिल्यात व्याकरण, दुसऱ्यात तर्क, तिसऱ्यात वक्तृत्व.

मध्ययुगात हे विषय होते, वयाचे टप्पे नव्हते; टप्प्यांची जोडणी सेयर्सबाईंची. शिकवण्याचा आपला अनुभव फारच थोडा आहे, हे त्यांनी त्या भाषणातच कबूल केलं होतं. तेव्हा हे वेदवाक्य मानू नका. पण ज्याच्या घरात बारा वर्षांचं मूल आहे त्याला मधला टप्पा खरा आहे हे सांगावं लागत नाही.

अमेरिकेत हा विचार ज्या पहिल्या काही शाळांत उतरला त्यातली एक म्हणजे १९८१ साली आयडाहो राज्यातल्या मॉस्को नावाच्या गावी निघालेली लोगोस शाळा. नव्वदच्या दशकात तो होमस्कूलवाल्यांपर्यंत पोचला. १९९७ला नॉर्थ कॅरोलायनात 'क्लासिकल कॉन्व्हर्सेशन्स' सुरू झालं, ज्यात घरी शिकणारी मुलं आठवड्यातून एक दिवस एकत्र जमतात. आज या नावाखाली इतकी पुस्तकं, वर्षभराच्या तयार अभ्यासक्रमाच्या पेट्या आणि वर्ग विकायला आहेत की नवख्या माणसाचं डोकंच फिरतं.

सगळ्यात आधी कायदा

पुस्तकं नंतर. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम वेगळा आहे आणि मैत्रिणीने सांगितलेलं तिच्या राज्यापुरतंच खरं असतं.

टेक्सासमध्ये घरची शाळा ही खासगी शाळा मानली जाते. हे १९९४ला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने लीपर खटल्यात पक्कं केलं. वाचन, स्पेलिंग, व्याकरण, गणित आणि नागरिकत्व हे पाच विषय लिखित अभ्यासक्रमातून, प्रामाणिकपणे शिकवले की झालं. नोंदणी नाही, परीक्षा नाही. पण मूल आधी सरकारी शाळेत असेल तर नाव काढल्याचं पत्र किंवा ईमेल तारखेसकट पाठवा आणि प्रत जपून ठेवा. नाहीतर गैरहजेरीची नोटीस घरी येते. न्यू जर्सीतही आधी कळवण्याची सक्ती नाही. पेनसिल्व्हेनियात मात्र दरवर्षी प्रतिज्ञापत्र, कामाची फाइल, मूल्यमापन करणारी व्यक्ती आणि तिसरी, पाचवी, आठवीला प्रमाणित चाचणी, एवढं सगळं लागतं. न्यूयॉर्कला तिमाही अहवाल. राज्य बदललं की नियम पहिल्यापासून वाचायचे.

आणि राज्य मागो वा न मागो, एक फाइल ठेवाच. काय वाचलं, काय लिहिलं, किती गणित झालं. पुढेमागे शाळेत घालायची वेळ आली तर हीच कामी येते.

आठवड्याचा सांगाडा

पहिल्या वर्षी मी शाळाच घरी आणली. आठ विषय, पंचेचाळीस मिनिटांचे तास, भिंतीवर वेळापत्रक. ऑक्टोबरपर्यंत मुलगी रडायला लागली आणि मीही. त्यानंतर जे टिकलं ते असं:

सकाळी अर्धा तास सगळे एकत्र. एक स्तोत्र, प्रार्थना, पाठांतराची उजळणी. मग गणित, रोज, पाऊणएक तास, डोकं ताजं असताना. मग लॅटिन अर्धा ते पाऊण तास. दुपारच्या जेवणाआधी मोठं वाचन, ज्यात इतिहास, साहित्य आणि बायबल एकत्र गुंफलेलं. दुपारी लेखन किंवा विज्ञान, आलटून पालटून. तर्कशास्त्र आठवड्यातून दोनदाच. असे सगळे मिळून साडेचार-पाच तास. बाकीचा दिवस झाडावर चढायला, पियानोला, कंटाळा यायला. कंटाळा फार महत्त्वाचा आहे, त्याची जागा भरू नका.

पाठांतर या वयात कमी होतं पण बंद करायचं नाही. छोट्या ओळींऐवजी सलग भाग घ्या. डोंगरावरचं प्रवचन, म्हणजे मत्तयाचे पाच ते सात अध्याय, आम्ही दीड वर्षात केलं. प्रेस्बिटेरियन (एक प्रोटेस्टंट पंथ) घरांत वेस्टमिन्स्टरची छोटी प्रश्नोत्तरी घेतात, धर्मतत्त्वांवरच्या १०७ प्रश्नांची. कॅथलिक घरांत त्यांची त्यांची. तेविसावं स्तोत्र मी मुद्दाम मराठीतून करून घेतलं. 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' हे वाक्य आज्जीला फोनवर म्हणून दाखवता आलं पाहिजे, हा माझा हट्ट.

लॅटिन, आणि आपली स-ला-ते

इथे मराठी घराला एक आयता फायदा आहे आणि तो कुणी सांगत नाही. अमेरिकन मुलं लॅटिनच्या विभक्तीपाशी अडखळतात, कारण इंग्रजीत कर्ता कोण आणि कर्म कोण हे शब्दांच्या जागेवरून कळतं. आपल्याकडे ते प्रत्ययावरून कळतं.

मी टेबलावर तीन कार्डं मांडली. 'आग्रिकोला' म्हणजे शेतकरी, 'पुएल्लाम' म्हणजे मुलीला, 'वोकात' म्हणजे हाक मारतो. शेतकरी मुलीला हाक मारतो. मग पहिल्या दोन कार्डांची अदलाबदल केली. 'पुएल्लाम आग्रिकोला वोकात.' विचारलं, आता कोण कुणाला हाक मारतंय? इंग्रजीत विचार करणारा धाकटा म्हणाला, मुलगी शेतकऱ्याला. मी म्हटलं, मराठीत म्हणून बघ: मुलीला शेतकरी हाक मारतो. दोन सेकंद थांबला आणि ओरडलाच, "अरे, तो 'म' म्हणजे आपला 'ला' आहे!"

त्या दिवशी मी त्याला शाळेत आम्ही घोकलेली स-ला-ते, स-ला-ना-ते म्हणून दाखवली. ने-ए-शी, ऊन-हून, चा-ची-चे, त-ई-आ. लॅटिनची एकच पंचमी आपल्या तृतीया, पंचमी आणि सप्तमीची बरीचशी कामं करते, हे त्याने स्वतः शोधलं. मराठी व्याकरण माझ्याकडून आपणहून शिकण्याची त्याची ती पहिली आणि शेवटची वेळ, पण असो.

व्यवहाराच्या गोष्टी दोनच. सुरुवातीलाच उच्चार एक ठरवा. रोमनांचा जुना उच्चार घेतलात तर रोमन वक्ता सिसेरो 'किकेरो' होतो, चर्चचा घेतलात तर 'चिचेरो'. कुठलाही चालेल, मिसळ नको. आणि मुलाच्या एक धडा पुढे तुम्ही स्वतः शिकत राहा. मला लॅटिनचं ओ की ठो येत नव्हतं. मुलांनी आईला चुकताना पाहिलं, त्याने त्यांची भीती गेली. तिन्ही वर्षांत एकच पुस्तकमाला धरा. दर वर्षी नवी घेणारे दर वर्षी पहिल्याच विभक्तीत असतात.

तर्क: भांडणाला व्याकरण द्यायचं

मूळ काम हे आहे, त्यामुळे इथे थोडं रेंगाळते.

सहावी-सातवीत औपचारिक तर्कशास्त्र नको. आधी युक्तिवादातल्या चुका ओळखायच्या. माणसाच्या मुद्द्याऐवजी माणसावर घसरणं. समोरच्याने जे म्हटलंच नाही ते त्याच्या तोंडी घालून मग ते पाडणं. जे सिद्ध करायचं तेच गृहीत धरणं. 'तू तरी कुठे करतेस?' म्हणून प्रश्न उलटवणं. यांची लॅटिन नावं मुलांना आवडतात, पण आपल्या म्हणी त्याहून लवकर डोक्यात बसतात. एकामागून एक घडलं म्हणून पहिल्यामुळे दुसरं घडलं असं मानणं म्हणजे कावळा बसायला आणि फांदी मोडायला. संस्कृतात यालाच काकतालीय न्याय म्हणतात. दोष आपला आणि खापर परिस्थितीवर, तर नाचता येईना अंगण वाकडं.

आम्ही एक वही केली. आठवडाभरात जिथे जिथे चुकीचा युक्तिवाद ऐकला तिथून उचलून त्यात लिहायचा. टीव्हीवरच्या जाहिराती, निवडणुकीची भाषणं, चर्चमधल्या गप्पा, आणि हो, आईबाबा. पहिल्या महिन्यात वहीत सगळ्यात जास्त नोंदी माझ्या नावावर होत्या. "मी सांगते म्हणून" याला थोरलीने लाल शाईने अधोरेखित केलं होतं.

इथे एक कुंपण लागतं. वाद घालायला परवानगी म्हणजे उद्धटपणाला परवानगी नाही. आमच्या घरी नियम असा: आधी समोरच्याचं म्हणणं असं सांगायचं की तो म्हणेल, 'हो, हेच म्हणायचंय मला.' मगच उत्तर. आणि आईबाबांचा निर्णय झाला की वाद नम्रपणे दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडता येतो, त्याच रात्री नाही. फोनचा वाद असा चार महिने चालला. शेवटी तिने एक पानभर लेखी युक्तिवाद दिला, आमचे तीन आक्षेप आधी प्रामाणिकपणे मांडून. मिळाला. साधा, इंटरनेटशिवायचा.

आठवीत मग औपचारिक भाग घ्या. सगळी माणसं मर्त्य, सॉक्रेटिस माणूस, म्हणून सॉक्रेटिस मर्त्य. विधानांचे चार प्रकार, कुठला निष्कर्ष निघतो आणि कुठला नुसता निघाल्यासारखा वाटतो. एका वर्षाला एक पातळ पुस्तक पुरे.

होमरचे देव ख्रिस्ती घरात का

हा प्रश्न तुमच्या चर्चमधलं कुणीतरी विचारणारच. होमरच्या ग्रीक महाकाव्यांतलं ट्रॉयचं युद्ध, रुसणारे देव, खून आणि फसवणूक हे सगळं मुलांना कशाला? प्रश्न जुना आहे. दुसऱ्या-तिसऱ्या शतकात तेर्तुलियन या ख्रिस्ती लेखकाने विचारलं होतं की अथेन्सचा जेरुसलेमशी, म्हणजे ग्रीक विद्येचा आपल्या श्रद्धेशी, संबंध काय. पुढे ऑगस्टिन या ख्रिस्ती विचारवंताने बायबलमधल्या निर्गमाच्या गोष्टीवरून उत्तर दिलं: इस्राएल लोक मिसरमधून निघताना तिथलं सोनं घेऊन निघाले, तसं विधर्मी विद्येतलं जे खरं आहे ते उचलावं आणि देवाच्या कामी लावावं. पुढे त्याच सोन्याचं पूजेसाठी वासरूही झालं, हे मुलांनाच ओळखू द्या. आमच्याकडे त्यावर दोन दिवस चर्चा चालली.

मराठी ख्रिस्ती माणसाला हा प्रश्न परका नाही. नारायण वामन टिळक तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं सांगत, आणि त्यांचे अभंग आपण आजही उपासनेत गातो. पंडिता रमाबाईंकडे पाहा. १८५८चा जन्म, शाळेचं तोंड न पाहता आईवडिलांकडून घरीच संस्कृत शिकल्या, पुराणांचे हजारो श्लोक मुखोद्गत. पुढे ख्रिस्ती झाल्यावर केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीकमधून अख्खं बायबल मराठीत आणलं. घरी दिलेलं भाषेचं शिक्षण पुढे कुठवर जातं, याचं उदाहरण मुलांना देताना मला युरोपकडे बघावं लागलं नाही.

अमेरिकेतल्या या अभ्यासक्रमांवर माझा मोठा आक्षेप हाच आहे की त्यांच्या नकाशात भारत वास्को द गामाच्या जहाजाबरोबर उगवतो. ती भर तुम्हाला घालावी लागेल.

इतिहासाची पट्टी

बहुतेक क्लासिकल घरं इतिहास चार वर्षांच्या फेऱ्यात घेतात: प्राचीन, मध्ययुग, आधुनिक काळाची सुरुवात, आधुनिक. मिडल स्कूलला तीन वर्षंच मिळतात, म्हणून चौथं वर्ष नववीत जातं, बिघडत नाही. साहित्य त्याच काळातलं वाचा.

जिन्याच्या भिंतीवर पॅकिंगच्या कागदाची लांब पट्टी चिकटवा आणि शतकं आखा. प्रत्येक नोंदीला आपल्याकडची एक जोड द्यायची. कार्थेजचा सेनापती हॅनिबल हत्ती घेऊन आल्प्स ओलांडतो ते इसवी सनापूर्वी २१८, त्याच शतकात अशोक. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक १६७४, तेरा वर्षांनी न्यूटनचा 'प्रिन्सिपिया' हा ग्रंथ. माझ्या आवडीची जोडी १६१६ची: त्या वर्षी शेक्सपियर वारला आणि गोव्यात राशोलला फादर स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' छापलं गेलं. इंग्लंडमध्ये जन्मलेला, लॅटिनात मुरलेला हा जेझुइट धर्मगुरू ओवी छंदात येशूचं चरित्र मराठीत सांगतो आणि ते रोमन लिपीत छापलं जातं. 'जैसी हरळांमाजि रत्नकिळा' ही मराठीची स्तुती त्याचीच. आमच्या धाकट्याने पट्टीवर दोघांना एकाच चौकोनात बसवलं आणि शेक्सपियरला लहान काढलं.

लेखन

निबंध लगेच नको. ग्रीक-रोमन शाळांत प्रोजिम्नास्माता नावाचा चौदा सरावांचा जिना होता, तो आजही चढता येतो. पहिली पायरी बोधकथा: कोल्हा आणि आंबट द्राक्षं. तीच गोष्ट तीन वाक्यांत लिही, मग दोन पानांत, मग कोल्ह्याच्या तोंडून. सहावीचं अर्धं वर्ष यातच जाऊ दे. मग कथन. मग एखाद्याचं वचन किंवा म्हण घेऊन तिचा विस्तार, ज्याचे ठरलेले आठ भाग आहेत: स्तुती, स्वतःच्या शब्दांत, कारण, उलट बाजू, तुलना, उदाहरण, जुन्यांची साक्ष, समारोप. सातवीत खंडन आणि मंडन, एकाच गोष्टीवर दोन्ही. ज्या मुलाला फक्त एकच बाजू लिहिता येते त्याला अजून तो विषय कळलेला नाही. जिन्याच्या वरच्या पायऱ्या हायस्कूलसाठी सोडा.

गणित

पुस्तकवेड्या घरांत गणित मागे पडतं, आणि ते कळतं तेव्हा नववी उजाडलेली असते. रोज करा, सुट्टीतही थोडं. आठवीअखेर अल्जेब्रा सुरू झालेलं असेल तर उत्तम, नसेल तर अपूर्णांक आणि टक्केवारी पक्की करून पुढे जा. तुम्हाला जमत नसेल तर शिकवणी लावा, त्यात कमीपणा नाही. आपली पावकी-निमकी, म्हणजे पाव-अर्ध्याचे पाढे, मी शिकवून पाहिली. मुलांनी ऐकून घेतली, एवढंच.

को-ऑप आणि खर्च

को-ऑप म्हणजे होमस्कूलवाल्या घरांच्या मुलांचा एकत्र जमणारा गट. आठवड्यातून एक दिवस असं इतर मुलांबरोबर बसणं या वयात लागतंच. वाद घालायला भावंडं पुरत नाहीत. पण जाण्याआधी तिथे पूर्ण दिवस मागे बसून या. आम्ही पहिल्यांदा ज्या गटात गेलो तिथला गृहपाठ रात्री दहापर्यंत चालायचा आणि चर्चेच्या नावाखाली शिक्षिका उत्तरं सांगून मोकळ्या व्हायच्या. वर्षाची फी आधी भरलेली होती, म्हणून आम्ही मेपर्यंत ओढलं. आता मी एकच गोष्ट पाहते: मुलाने चुकीचं उत्तर दिल्यावर शिकवणारी व्यक्ती पुढचा प्रश्न विचारते की दुसऱ्या मुलाकडे वळते.

पेट्या विकत घेऊ नका, निदान पहिल्या वर्षी. लॅटिन आणि गणिताची पुस्तकं नवी घ्या, बाकी वाचनालय आणि जुन्या पुस्तकांचे सेल. होमस्कूलवाल्या आया दर उन्हाळ्यात न उघडलेले संच अर्ध्या किमतीला विकत असतात. त्यातले दोन माझे होते.

परीक्षा

सहामाहीला आम्ही तोंडी परीक्षा घेतो. तीन माणसं: बाबा, चर्चमधले एक काका आणि एक असा पाहुणा ज्याला या पद्धतीबद्दल काडीचं प्रेम नाही. मूल उभं राहून एक विधान मांडतं आणि वीस मिनिटं त्याचं समर्थन करतं. शिवाय वर्षातून एकदा प्रमाणित चाचणी, टेक्सासमध्ये सक्ती नसली तरी. आपल्या लेकरांबद्दल आपलं मत फारसं खात्रीलायक नसतं. आणि मूल तीन महिने सलग कोमेजलेलं दिसलं तर शाळेत घाला. आमच्या ओळखीतल्या दोघांनी तसं केलं आणि मुलं आनंदात आहेत.

पहिला आठवडा

पहिल्या सोमवारी लॅटिन काढू नका. सकाळचं स्तोत्र, गणिताची मागच्या वर्षीची उजळणी आणि मोठ्याने वाचायला एक पुस्तक, एवढंच. मंगळवारी जिन्यावर पट्टी चिकटवा. बुधवारी कोल्ह्याची गोष्ट. गुरुवारी चुकांची वही आणा आणि पहिली नोंद स्वतःच्या नावावर करा, म्हणजे मुलं बिचकणार नाहीत. शुक्रवारी जेवताना एक खरा प्रश्न टाका, ज्याचं उत्तर तुम्हालाही ठाऊक नाही. आमचा पहिला होता: डाव्या गालावर मारल्यावर उजवा पुढे करायचा, तर धाकट्याला वर्गात कुणी ढकललं तेव्हा आपण काय करायला हवं होतं? बायबलमधल्या वचनात गाल उजवा आधी आहे, हे थोरलीने लगेच दाखवून दिलं, आणि वहीत माझ्या नावापुढे आणखी एक रेघ ओढली.